४८ तासांची परीक्षा आणि आपलं सल्ला केंद्र

(स्त्रियांवरील हिंसाचाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय आहे 'कार्यकर्तीने हॅकिंगची परीक्षा कशासाठी द्यायची?' शब्द ऐकून मागच्या रांगेत थोडं हसू झालं, ते मी ऐकलं. हसायला हरकत नाही. माझ्या सासूबाई शेजारी सांगतात की सून कॉम्प्युटरमधले चोर पकडायचा कोर्स करते. त्यातल्या त्यात हेच वर्णन बरं आहे.

आधी एवढं सांगते की मी इंजिनियर नाही. समाजशास्त्रात बी.ए., मग एम.एस.डब्ल्यू., आणि गेली अकरा वर्षं एका तालुक्याच्या गावी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम. वय ३६. शाळेत गणितात पहिली-दुसरी वगैरे कधी नव्हते. २०२४ मध्ये मी ईजेपीटी नावाची परीक्षा दिली आणि पास झाले. आयएनई नावाची परदेशी कंपनी ही परीक्षा घेते. पूर्ण नावातला शेवटचा भाग आहे 'ज्युनियर पेनिट्रेशन टेस्टर'. संगणकांच्या जाळ्याच्या मालकाकडून लेखी परवानगी घ्यायची, बाहेरचा माणूस जसा शिरेल तसं त्यात शिरून बघायचं, कुठल्या कडीकोयंडा ढिला आहे ते शोधायचं आणि मालकाला लिहून द्यायचं, असं हे काम. 'पेनिट्रेशन' हा शब्द त्याला कोणी ठेवला असेल ते आपल्याला निराळं सांगायला नको. पुढे भेटणारे शब्दही तसेच: ज्याच्यावर हल्ला करायचा ते 'व्हिक्टिम' मशीन, हल्ला करणारा तो 'ही'. मी माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात 'शिरकाव तपासणी' असा शब्द केला आणि तोच वापरते.

आता हे कशासाठी. आमच्या केंद्रात पूर्वी बाई यायची ती दारू, मारहाण, माहेरून पैसे आण, पोटगी हे घेऊन. ते सगळं आजही आहे. पण सहा-सात वर्षांपासून जवळजवळ प्रत्येक केसमध्ये कुठेतरी फोन येतो. नवऱ्याला माझं सगळं कळतं. मी कुणाला फोन केला, कुठे थांबले, काय लिहिलं. एक बाई आमच्याकडे बसून गेली आणि ती घरी पोचायच्या आत नवऱ्याला ती कुठे होती हे माहीत होतं. त्या रात्री तिला मार पडला. आम्ही तिला विचारत होतो, 'कुणाला सांगितलंस का?' म्हणजे संशय पुन्हा तिच्यावर, तिच्या बहिणीवर, शेजारणीवर. फोनवर संशय घ्यायची अक्कल आपल्यापैकी कुणालाच कुणी शिकवलेली नव्हती.

मग अशा वेळी बाई काय करते? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाते. तिचे फोटो, तिचे निरोप, तिच्या बहिणीशी बोललेलं सगळं त्या फोनमध्ये आहे, आणि तो फोन ती एका अनोळखी पोराच्या हातात पासवर्डसकट देते. तो म्हणतो, 'ताई, व्हायरस आहे, सगळं उडवून देतो.' दोनशे रुपये घेतो. पुरावाही गेला आणि त्या पोराने काय बघितलं, काय ठेवून घेतलं, कोण सांगणार? पोलीस ठाण्यात गेलं तर एका ठिकाणी आम्हांला सांगितलं, अर्ज ठेवून जा, सायबरवाले जिल्ह्याला असतात. तीन महिन्यांनी तो अर्ज त्याच टेबलाच्या खणात होता.

कायदा नाही असं नाही. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड विधानात ३५४-ड आलं. त्यात पाठलाग करण्याबरोबर बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा तशा संपर्कसाधनांच्या वापरावर पाळत ठेवणं हाही गुन्हा धरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्या जागी आहे. पण पाळत कशी ठेवली, हे ठाण्यात बसलेल्या हवालदाराला मराठीत समजावून कोण देणार? डॉक्टरांच्या दाखल्याचं महत्त्व आपण एकेकाळी शिकलो. कुठल्या जखमेची नोंद कशी करून घ्यायची ते आपल्या कार्यकर्त्या डॉक्टरपुढे उभ्या राहून शिकल्या. हे मला त्याच्याच पुढचं शिक्षण वाटलं.

आमच्या गटात याच्यावर वाद झाला आणि तो सांगितला पाहिजे. आमच्यातल्या एका ज्येष्ठ ताईंचं म्हणणं होतं की हे तज्ज्ञांचं काम आहे, आपण त्यात पडलो तर बायकांशी बोलायचं कोण? शिवाय परीक्षेची फी तेव्हा अडीचशे डॉलरच्या आसपास, म्हणजे वीस-एकवीस हजार रुपये. एवढ्यात आमचं केंद्र एका शिबिराचं जेवण आणि प्रवासखर्च करतं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. माझं म्हणणं असं होतं की वकील बायका चळवळीत आल्या म्हणून आपल्याला कोर्ट कळलं, डॉक्टर बायका आल्या म्हणून दवाखाना कळला. संगणकातल्या बायका आपल्याकडे आल्या नाहीत, येतील असं दिसतही नाही. पुण्या-बंगलोरला त्यांना चांगले पगार आहेत. मग आपल्यातलीच एक तिकडे पाठवावी लागेल. अखेर निम्मे पैसे केंद्राने दिले, निम्मे मी. ताईंनी अट घातली की आठवड्यातल्या माझ्या गृहभेटी एकही कमी होता कामा नये. अट मी पाळली, पण ती योग्य होती असं मला आजही वाटत नाही. पुरुषाने अभ्यास घेतला की त्याचं काम हलकं करतात. आपण बाईला आधी सगळं आवरून मग शिक म्हणतो, आणि हे आपण स्त्रियांच्या संघटनेतसुद्धा करतो.

हीच परीक्षा का, याबद्दल. शहरात गल्लोगल्ली 'एथिकल हॅकिंग'चे क्लास आहेत, पोस्टरवर काळा टोप घातलेला मुलगा असतो. बऱ्याच परीक्षा प्रश्नांना चार पर्याय देऊन घेतात. पाठांतर चांगलं असेल तर निघून जातात. मला पाठांतर नको होतं. ईजेपीटीत तुम्हांला संगणकांचं एक खरंखुरं जाळं देतात, अर्थात कंपनीने परीक्षेसाठी उभारलेलं. त्यात शिरायचं आणि आत जे सापडेल त्यावरून ३५ प्रश्नांची उत्तरं द्यायची. वेळ ४८ तास. पुस्तकं, वह्या, इंटरनेट सगळं उघडं ठेवायची मुभा. कारण आत गेल्याशिवाय उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. याच्या वरची ओएससीपी नावाची परीक्षा या क्षेत्रात फार मानतात. ती पावणेचोवीस तासांची, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची, आणि वर चोवीस तासांत अहवाल लिहायचा. तिचा खर्च कित्येक पटींनी जास्त. मी ती दिलेली नाही, आपल्या कामासाठी तिची गरजही मला वाटत नाही.

तयारीला मला नऊ महिने लागले. पहाटे पाच ते साडेसहा आणि रविवारी दुपारी. एक जुना लॅपटॉप घेतला, त्यात आठ जीबीची मेमरी घालून घेतली. त्यात 'व्हर्च्युअलबॉक्स' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकला की एकाच संगणकाच्या पोटात दुसरे दोन-तीन संगणक चालवता येतात. एकात काली लिनक्स, म्हणजे या कामाची सगळी हत्यारं आधीच भरलेली पेटी, तीही फुकट. दुसऱ्यात मुद्दाम दोष ठेवलेलं मशीन. एकातून दुसऱ्यावर चाल करायची. सगळं आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर. गुन्हा नाही आणि कुणाला त्रासही नाही. 'ट्रायहॅकमी' नावाची सरावाची जागाही उपयोगी पडली, तिथले काही धडे विनामूल्य असतात.

पहिले दोन महिने मला काहीच कळत नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. पडद्यावर काळी खिडकी आणि त्यात इंग्रजी अक्षरं. मग मी एक केलं. आपण गावात काम सुरू करताना काय करतो? शिवारफेरी. गावनकाशा जमिनीवर रांगोळीने काढून घेतो: वस्ती कुठे, पाणवठा कुठे, कुणाच्या घराला मागचं दार आहे, कुठल्या बोळातून कोण जातं. तेच इथे आहे. 'एनमॅप' नावाचं हत्यार आहे, गॉर्डन लायन या माणसाने १९९७ मध्ये केलेलं. ते जाळ्यातल्या प्रत्येक घराचं दार वाजवून बघतं. संगणकाला अशी ६५,५३५ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ८० नंबरच्या दारावर बहुधा वेबसाइट, २२ वर लांबून काम करायची सोय, ४४५ वर विंडोजच्या वाटून घेतलेल्या फायली. एनमॅपला काही वेगळं सांगितलं नाही तर ते नेहमीच्या हजार दारांपुरतंच बघतं. सगळी बघ असं सांगावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला आपली सर्वेक्षणं आठवली. रस्त्याकडेची घरं होतात, वाडीतली राहतात.

(जाता जाता: 'मॅट्रिक्स'च्या २००३ सालच्या दुसऱ्या चित्रपटात एक बाई वीजकेंद्राच्या संगणकात शिरते. तिच्या पडद्यावर दिसतं ते खरं एनमॅपच आहे. या धंद्यातले लोक हे फार कौतुकाने सांगतात. वर्गात मात्र बायका मोजक्याच.)

या मोजदादीला, नुसतं हिंडून, विचारून, लिहून ठेवण्याला, तयारीतला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. तरुण मुलांचं इथेच अडतं असं मी बरोबर शिकणाऱ्यांत पाहिलं. त्यांना पहिल्या दारावर लाथ मारायची घाई. आपल्याला केसवर्कमध्ये काय शिकवलेलं असतं? आधी ऐका, लिहा, पुन्हा भेटा, निष्कर्ष घाईने काढू नका. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत रोजच्या नोंदी लिहून हात दुखले होते, त्या सवयीने मला इथे तारलं. प्रत्येक मशीनची एक केसफाइल: पत्ता, उघडी दारं, आत काय चाललंय, कुठल्या आवृत्तीचं, काय करून पाहिलं, काय झालं. सगळं मराठीत.

दोन गोष्टी मात्र मला फार बोलक्या वाटल्या, त्या थोड्या सविस्तर सांगते.

पासवर्ड फोडायला शिकवतात तेव्हा एक यादी वापरतात, तिचं नाव 'रॉकयू'. ही नावाची कंपनी होती. २००९ मध्ये तिच्याकडून ३ कोटी २० लाखांवर खात्यांचे पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते साधे वाचता येतील असे लिहून ठेवले होते, कुलूप नाही काही नाही. त्यातून काढलेली सुमारे १ कोटी ४३ लाख वेगवेगळ्या पासवर्डांची यादी आज काली लिनक्सबरोबरच येते. यंत्र ती यादी एकेक करून दारावर लावून बघतं. त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड १२३४५६. पण पहिल्या दहांत 'आय लव्ह यू' आहे आणि 'प्रिन्सेस' आहे. कोण असतील या मुली, असं माझ्या मनात येई. ज्या शब्दाने त्यांनी आपला खाजगी कप्पा बंद केला तो प्रेमाचा शब्द आज जगभरात कुलूप फोडायची किल्ली आहे. आपल्याकडे बायकांचे पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असतात, किंवा नवऱ्याने घालून दिलेले. यादी लावायचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट ४४५ नंबरच्या दाराची. विंडोजमधल्या या दाराचा एक दोष अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला माहीत होता. त्यावर त्यांनी हत्यार बनवून ठेवलं आणि ते त्यांच्याकडून फुटलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली ती मार्च २०१७ मध्ये. ज्यांनी ती घातली नाही त्यांच्यावर मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आदळला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. आजही शिकाऊ माणसाला हा दोष वापरून दाखवायला लावतात. पहिल्यांदा मला ते जमलं तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते, दूधवाला हाक मारत होता आणि समोरच्या मशीनचा पूर्ण ताबा माझ्याकडे होता. आनंद झाला. मग जरा भीती वाटली. इतकं सोपं आहे तर कोण कोण करत असेल? जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' करून मुसलमान बायकांचे फोटो लिलावाला मांडणारी मुलं विशी-पंचविशीची होती. त्यांनी कुठली मोठी चोरी केली नव्हती, उघड्यावरचेच फोटो घेतले होते. कौशल्य थोडंसंच होतं. बाकीचं सगळं त्यांना समाजाने घरबसल्या शिकवलेलं होतं.

परीक्षा. ४८ तास म्हणजे सलग बसायचं असं नाही, मध्ये झोपता येतं, जेवता येतं. पण घड्याळ थांबत नाही. शनिवारी पहाटे सहाला सुरू केलं. बाईच्या आयुष्यात सलग ४८ तास असतात का, हा माझ्या तयारीतला सगळ्यात अवघड प्रश्न होता. त्याची तालीम मी दोन महिने आधी सुरू केली. नवऱ्याला सांगितलं, दोन दिवस मी घरात आहे असं समजू नका. 'घरात असून नाही म्हणजे काय?' या प्रश्नावर आमच्या घरी एनमॅपपेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी मी मैत्रिणीच्या माळ्यावरच्या खोलीत गेले. मुलगी आठ वर्षांची, तिला दोन दिवस आजीकडे आणि बाबांकडे. इन्व्हर्टर होता, त्याशिवाय दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड घेऊन ठेवलं होतं. शनिवारी दुपारी तीन तास वीज नव्हती, तेव्हा दोन्ही कामाला आले.

आतले प्रश्न मी सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं असतं. अभ्यासक्रम जाहीर आहे, तेवढंच बोलते. जाळ्याची मोजदाद, मशीनची तपासणी, शिरकाव, आणि वेबसाइटचे दोष असे चार भाग. त्यात एक प्रकार असा की आतलं जाळं बाहेरून दिसतच नाही. एका मशीनचा ताबा घ्यायचा आणि तिच्या आडून पलीकडच्या अंगणात जायचं. सूनेपर्यंत पोचायचं तर आधी सासूच्या ओट्यावर बसावं लागतं, हे आपल्या कार्यकर्तीला सांगावं लागत नाही. शनिवारी रात्रीपर्यंत माझे १९ प्रश्न सुटले. मग रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत काहीच हललं नाही. एक दार उघडं दिसतंय, आत काय आहे तेही माहीत आहे, पण किल्ली लागत नाही. चारच्या सुमारास मी लॅपटॉप बंद केला, खाली येऊन मैत्रिणीबरोबर चहा घेतला, शेंगा फोडत बसले. वर गेल्यावर नवीन काही करायचं नाही असं ठरवलं आणि आपल्याच नोंदी पहिल्या पानापासून वाचल्या. शनिवारी सकाळी एका मशीनवर सापडलेलं एक नाव दुसऱ्या मशीनच्या यादीतही होतं. माणूस एकच, तेव्हा पासवर्डही एकच असणार. होताच. तिथून गाडी सुटली. रात्री साडेअकराला मी उत्तरं दाखल केली. पास व्हायला ७० टक्के लागतात, मला ८२ मिळाले. निकाल लगेच पडद्यावर आला. मैत्रीण झोपलेली होती, तिला उठवलं. 'पास म्हणजे आता नक्की काय झालीस?' तिने विचारलं. त्याचं उत्तर मी पुढचे काही महिने शोधत होते.

प्रमाणपत्राचा पहिला उपयोग आमच्याच घरात झाला, म्हणजे केंद्रात. विश्वस्तांकडून लेखी पत्र घेतलं की मी केंद्राच्या संगणकांची तपासणी करते आहे. हे पत्र फार महत्त्वाचं आहे, आपली संस्था असली तरी. मग मी बाहेरच्या बाकावर बसले. आमच्याकडे हा बाक कुणासाठी आहे ते तुम्हांला माहीत आहे, तुमच्याकडेही असेल. समेटासाठी बोलावलेले नवरे, सासरे, दीर तिथे बसतात. येणाऱ्यांची सोय म्हणून वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला होता. मी त्याच वायफायवर गेले आणि एनमॅप चालवलं. आतल्या खोलीतला संगणक दिसला, ४४५ नंबरचं दार उघडं. 'केसेस' नावाचा कप्पा, त्याला पासवर्ड नाही. संगणक बसवून देणाऱ्याने दोन टेबलांवरून फायली बघता याव्यात म्हणून तो वाटून दिलेला होता आणि पुढे कुणी त्याला हात लावला नव्हता. बाकावर बसून, साध्या मोबाइलवरूनही, मला आठ वर्षांच्या केसेस वाचता येत होत्या. कोण बाई कुठल्या आश्रयगृहात आहे. कुणाच्या माहेरचा कुठला भाऊ मदत करतोय. कुणी अजून नवऱ्याला न सांगता वकील केला आहे.

मी हे विश्वस्तांपुढे मांडलं तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. कुणी वाचलं की नाही हे कळायचा मार्ग नव्हता, कारण कोण येऊन गेलं याची नोंद ठेवायची सोयच चालू नव्हती. ज्या ज्येष्ठ ताईंनी विरोध केला होता त्या म्हणाल्या, 'मग त्या बाईचं...' आणि थांबल्या. कुठल्या बाईबद्दल त्या बोलत होत्या ते आम्हां सगळ्यांना समजलं. तिच्याबाबतीत फोन, की आमचा संगणक, की खरोखर एखादी शेजारीण, हे आज सांगता येत नाही. दुरुस्तीला एक दुपार लागली: पाहुण्यांचं वायफाय वेगळं, कप्पा बंद, प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड, राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला, जुना विंडोज ७ काढला, त्याची सुरक्षेची दुरुस्ती जानेवारी २०२० लाच थांबली आहे. खर्च जवळजवळ शून्य. इथे बसलेल्यांपैकी किती केंद्रांत भिंतीवर वायफायचा पासवर्ड आहे? हात वर करू नका, घरी जाऊन काढा.

आता या परीक्षेत काय नाही ते. तिच्यात नवरा नाही. सगळा अभ्यास असा धरून चालतो की हल्ला करणारा लांबून येतो, अनोळखी आहे, त्याला आत शिरायचं आहे. आपल्या बाईचा हल्लेखोर आत आहेच. फोन त्यानेच आणून दिला, खातं त्यानेच उघडलं, पासवर्ड त्यानेच घातला. ती झोपलेली असताना तिचा अंगठा फोनला लावतो. याला काय शिरकाव म्हणायचा? मी तपासलेल्या फोनांत पाळतीचं खास ॲप फार थोड्या वेळा निघालं. बहुतेक वेळा साध्या गोष्टी: व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं की नवऱ्याचा लॅपटॉप जोडलेला. गूगलचं खातं नवऱ्याच्या फोनवरही चालू. नकाशात 'लोकेशन शेअरिंग' त्याच्याकडे. यासाठी ईजेपीटी लागत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अर्ध्या दिवसाच्या शिबिरात हे प्रत्येक कार्यकर्तीला येईल. परीक्षेने मला एवढंच दिलं की फोन हातात घेताना मी घाबरत नाही, आणि नाही म्हणायचं तेव्हा खात्रीने नाही म्हणते.

आणि एक गोष्ट तर परीक्षेत असूच शकत नाही. सापडलेली पाळत लगेच काढून टाकायची नसते. काढली की त्याला त्याच क्षणी कळतं, आणि त्या संध्याकाळी काय होईल याचा विचार आधी करावा लागतो. कुठे राहणार, मुलं कुठे, सोबत कोण. आधी दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बोलायची सोय, मग नोंदी आणि फोटो, मग बाईचा निर्णय, आणि सगळ्यात शेवटी ती पाळत तोडणं. कधीकधी बाई म्हणते, राहू दे अजून पंधरा दिवस, मुलीची परीक्षा होऊ दे. राहू द्यायचं. संगणकवाल्यांना हे पटत नाही.

उलट मागणीही येते. 'ताई, तुम्हांला येतं ना, मग त्याचा फोन उघडा. त्या बाईशी काय बोलतो ते कोर्टात दाखवू.' मी उघडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका बाईला राग आला. 'त्याने केलं तर त्याला कुणी विचारत नाही, मी मागितलं तर कायदा!' तिचं खरं आहे. तिच्या रागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी उघडला नाही. तिची केस त्याने बुडाली असती आणि केंद्रही.

शिकलेल्यातली एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे रोज उपयोगी पडते. 'हॅश' नावाचा प्रकार आहे. कुठल्याही फायलीवर ठरावीक गणित केलं की तिचा एक अंगठा मिळतो, अक्षरं-आकड्यांची एक ओळ. फाइल एका ठिपक्याने बदलली तरी अंगठा बदलतो, आणि अंगठ्यावरून फाइल परत तयार करता येत नाही. परीक्षेत हे पासवर्डांच्या संदर्भात येतं. पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात आता हा हॅश लिहायचा असतो. धमकीचा आवाज, व्हिडिओ मिळाला की त्याच दिवशी हॅश काढून तारखेसह वहीत लिहून ठेवा, मूळ फोन जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

आणि एक मुलगी आली होती, वय २१. जुना मित्र फोटो पसरवायची धमकी देत होता. तिला 'स्टॉपएनसीआयआय' या सोयीबद्दल सांगितलं. २०२१ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या संस्थेने सुरू केलेली आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी 'टेक इट डाउन' आहे. त्यात सामील झालेल्या कंपन्या आपल्या जागेवर तो फोटो ओळखून अडवतात. मुलीचा पहिला प्रश्न, 'म्हणजे मी तो फोटो आणखी कुणाला तरी पाठवायचा?' नाही. फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा अंगठा जातो. मी तिच्यासमोर एका आंब्याच्या फोटोचा हॅश काढून दाखवला, एक कोपरा कापून पुन्हा काढून दाखवला. तिने दोन वेळा स्वतः करून पाहिलं. मग मान वर केली. सगळ्या कंपन्या त्यात नाहीत, आणि व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला पाठवलेलं असं थांबत नाही, हेही तिला सांगितलं. तिने तक्रार करायची की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही.

कोणी विचारेल, मग सगळ्यांनी ही परीक्षा द्यावी का? जिल्ह्यात एक-दोघींनी द्यावी, आणि त्यांना कामातून वेळ काढून द्यावा. आमची धाकटी सहकारी आता तयारी करते आहे, तिच्या गृहभेटी आम्ही वाटून घेतल्या आहेत. बाकीच्यांसाठी माझ्या मराठी नोंदी आम्ही दोघी मिळून नीट लिहून काढतो आहोत: पहिला भाग फोनचा, दुसरा केंद्रातल्या संगणकाचा, तिसरा पुराव्याचा. ज्या गटांना हव्यात त्यांनी दुपारच्या जेवणाआधी नाव आणि पत्ता नोंदवावा. छापील प्रतच पाठवू. झेरॉक्सचे आणि टपालाचे पैसे जमतील तसे द्या. केंद्राची तपासणी करून हवी असेल त्यांनी विश्वस्तांचं पत्र बरोबर आणावं, पत्राचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे.